काळी आणि पांढरी

मे महिन्यात काळ्या रानातल्या भेगेत खुरपे पडले तर ते काढायला हात पुरत नाही. कोपरापर्यंत हात घातला तरी बोटांना तळ लागत नाही. वर ऊन भाजत असते आणि आत बोटांच्या टोकांना किंचित गारवा जाणवतो. रान उलले आहे, असे त्या दिवसांत बोलले जाते. भेगांची जाळी बांधापासून बांधापर्यंत पसरलेली असते, मधली ढेकळे सुटी झालेली असतात आणि वाऱ्याने, गुरांच्या खुरांनी वरची भुसभुशीत माती भेगांत ओघळत राहते. मग मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होतात आणि पाहता पाहता भेगा मिटतात. आत गेलेले खुरपे तेव्हापासून जमिनीचे. कधीतरी, काही वर्षांनी, ते नांगराच्या फाळाला लागते. कारण वरचे खाली आणि खालचे वर करत राहणे हा या मातीचा स्वभावच आहे.

दख्खनच्या पठाराचा काळा दगड सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ऊनपावसाने तो झिजत गेला आणि सखल भागांत त्याची जी माती साठली तिच्यात चिकणमातीचा एक खास प्रकार भरपूर असतो. मॉन्टमोरिलोनाइट हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिसूक्ष्म पापुद्रे. पाणी पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि त्यांना दूर सारते, तेव्हा माती फुगते. पाणी उडून गेले की पापुद्रे पुन्हा जवळ येतात, माती आकसते आणि उलते. रंग काळा म्हणून ती काळी, कापूस चांगला येतो म्हणून कापसाची, पाणी बरेच दिवस धरते म्हणून भारी. तिन्ही नावे शेतकऱ्याच्या बाजूने पडलेली आहेत, आणि शेतकऱ्याच्या बाजूने ती खरीही आहेत. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात परतीच्या पावसावर ज्वारी पेरली जाते आणि पुढे फारसा पाऊस झाला नाही तरी जमिनीतल्या ओलीवर ती कणसाला येते. रब्बीचे पीक ज्या गुणावर उभे राहते तोच गुण घराच्या पायाखाली आला की दोष ठरतो, आणि शोषखड्ड्याच्या भिंतीला आला की डोकेदुखी. घर, संडास आणि बाग या तिन्ही कामांत मातीला विचारायचा पहिला प्रश्न एकच असतो : पाण्याशी तुझे कसे जमते? रंग, वास, कस ही चौकशी त्यानंतरची.

मातीमातीतला हा भेद गावांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. मराठी मुलखात वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची जागा ती काळी. गावाचा सारा कारभार या दोन रंगांत मावत असे. पांढरी बहुधा उंचवट्यावर, ओढ्यानदीच्या पुराला जरा वरचढ. तिथली माती फिकट, राखट, थोडी चुन्याच्या अंगाची. वस्तीसाठी आपल्या पूर्वजांनी नेमकी पांढरी माती शोधून काढली, असे कौतुकाने सांगितले जाते. गंमत अशी की पुष्कळ ठिकाणी गोष्ट उलटी घडलेली आहे. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, उष्टेखरकटे आणि हाडकांचा कचरा पिढ्यान् पिढ्या एका जागी साचत गेला आणि त्याने ती जागा पांढरी झाली. संगमनेरजवळचे जोर्वे, प्रवरेकाठचे दायमाबाद, घोड नदीकाठचे इनामगाव ही ताम्रपाषाणयुगातली गावे पुरातत्त्वज्ञांना सापडली ती अशाच पांढरीच्या टेकाडांत. म्हणजे पांढरी ही निवडलेली माती तर आहेच, पण राहून राहून तयार झालेली मातीही आहे.

या मातीचा आणखी एक उपयोग होता. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे माळवदाच्या घरांच्या छपरावर पांढऱ्या मातीचा थर देत. चांगली चोपलेली पांढरी माती पावसाचे पाणी खाली झिरपू देत नाही, उन्हाळ्यात घर गार ठेवते आणि काळ्या मातीसारखी उलत नाही. काळी माती छपरावर घालण्याचा वेडेपणा कोणी करत नसे. मात्र पांढरीलाही वजन असते. पावसाळ्याआधी दरवर्षी नवा थर पडायचा, जुना काही निघायचा नाही, आणि वर्षानुवर्षांत छपरावर मातीचा ढीग साचायचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडामातीच्या जाड भिंती ढासळल्या आणि हीच छपरे झोपलेल्या माणसांवर आली. मृतांचा आकडा 10,000 च्या घरात गेला. पाण्याच्या परीक्षेत पहिली आलेली माती भाराच्या परीक्षेत नापास झाली होती. मातीची निवड करणाऱ्याने एकच प्रश्न विचारून थांबू नये, एवढे त्या पहाटेने दाखवून दिले.

मातीची पद्धतशीर चौकशी सरकारनेही केली, ती सारा ठरवण्यासाठी. 1836 साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी जी जमाबंदी बसवली, तिच्यातून पुढे मुंबई इलाख्याची प्रतबंदीची रीत तयार झाली. प्रतबंदीचा कारकून शेतात जायचा, जागोजागी जमीन उकरून मातीचा रंग, पोत आणि खोली बघायचा. खोली मोजायची हातांत : पावणेदोन हात खोल, एकसारखी, काळीभोर माती असेल तर सोळा आणे. मग दोष लागले की आणे उतरत जात. चुनखडीची भेसळ, वाळू, उतार, माती पाणी आत घेत नाही, वरचे पाणी साचून राहते, वाहत्या पाण्याने धुपते, असे ते दोष. यांतले निम्मे सरळ पाण्याचेच आहेत. सारा वसूल करणाऱ्या राज्याने मातीकडे बघायला माणूस पाठवला, त्याचे हेतू काही असोत. आज प्लॉटच्या जाहिरातीत रस्ता, वीज, स्टेशनपासूनचे अंतर आणि एनए झाल्याची ग्वाही असते, मातीविषयी मात्र अवाक्षर नसते. सातबाऱ्यावर जिरायत लिहिलेले असते, पोटखराबा लिहिलेला असतो. चार फुटांवर मुरूम आहे की चौदा फुटांवर, हे तिथे लिहायची जागाच नाही. गावे शहरांना मिळत गेली तशी वस्ती पांढरीवरून उतरून काळीत शिरली, आणि काळीने आपला स्वभाव काही बदलला नाही.

जागा घेण्याआधी माती बघायची तर सर्वांत स्वस्त साधन म्हणजे शेजारची विहीर. न बांधलेल्या विहिरीत डोकावले की जमिनीचा उभा काप समोर असतो. वर काळा थर, त्याखाली काळीत मिसळलेले पांढरे चुनखडीचे खडे, मग पिवळसर मऊ मुरूम, मग कडक मुरूम आणि त्याखाली दगड. विहीर नसेल तर नुकताच खोदलेला रस्त्याकडेचा चर किंवा ओढ्याची दरड चालते. पण विहीर शेजारच्याची असते आणि प्लॉट आपला. एकाच गुंठ्यात एका कोपऱ्याला मुरूम कंबरेइतका वर आणि दुसऱ्या कोपऱ्याला दोन पुरुष खाली, असे होते. जुना नाला बुजवून प्लॉट पाडले असतील तर हमखास होते. म्हणून चारही कोपऱ्यांना आणि मध्ये एक असे खड्डे घ्यावे लागतात. खोदणाऱ्याला कळते ते आवाजावरून. काळीत पहार गपकन आत जाते आणि ओढताना चिकटून बसते. ओली असेल तर मातीचा गोळाच वर येतो. मऊ मुरमात ती खरखरते. कडक मुरमात हाताला झिणझिण्या येतात. दगडाला लागली की ठणका असा वाजतो की वर उभ्या असलेल्या गवंड्यालाही ‘लागला’ म्हणून सांगावे लागत नाही.

काळीवर वरवर पाया घेऊन बांधलेले घर पहिली एक-दोन वर्षे काही सांगत नाही. मग पावसाळ्यात एखादे दार चौकटीत अडते. सुताराला बोलावून ते रंधून घेतले जाते, आणि उन्हाळ्यात त्याच दाराला खालून बोटभर फट पडते. खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरकी भेग निघते. तिच्यात सिमेंट भरून वर रंग दिला जातो. पुढच्या मे महिन्यात ती त्याच वाटेने पुन्हा उघडते, ऑगस्टात मिटते. फरशी खोलीच्या मध्यभागी उचलली जाते, कारण घराखालची मधली माती ओल धरून फुगलेली राहते आणि कडेची उन्हाने वाळून आकसते. उंच, जड इमारतीपेक्षा एकमजली हलक्या घराला आणि कंपाउंडच्या भिंतीला हा त्रास जास्त होतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. फुगणारी माती जोराने वर ढकलत असते. तिला दाबून ठेवायला वजन लागते, आणि हलक्या घरापाशी ते नसते. विदर्भातल्या काळ्या भागांतून जाताना झुकलेल्या कंपाउंडच्या भिंती आणि लाटा आलेले रस्ते दिसतात, त्यांच्याखाली हीच ओढाताण चाललेली असते.

माती किती फुगते हे मोजायची एक पद्धत इतकी साधी आहे की शाळेच्या प्रयोगशाळेतही जमावी. माती भट्टीत वाळवून 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. दहा-दहा ग्रॅमच्या दोन पुड्या करून 100 मिलिलिटरच्या दोन काचेच्या मोजपात्रांत टाकायच्या. एकात ऊर्ध्वपातित पाणी भरायचे, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून अडकलेली हवा काढायची आणि चोवीस तास ठेवून द्यायचे. रॉकेलमधली माती जेवढी असते तेवढीच तळाशी बसते, कारण पापुद्र्यांच्या मध्ये शिरायची पाण्याची विद्या रॉकेलला येत नाही. पाण्यातली माती मात्र वर चढत जाते. रॉकेलमध्ये 10 च्या खुणेवर बसलेली माती पाण्यात 20 वर गेली, तर फुगवटा 100 टक्के. पन्नासच्या आत असेल तर निभावते, शंभराच्या पुढे गेले की पायाचा विचार वेगळा करायचा. दोन मोजपात्रे शेजारी ठेवून पाहिली की प्लॉटच्या मालकाला इंजिनिअरने आणखी काही समजावून सांगायची गरज उरत नाही.

उपायांत पहिला सरळ : काळी संपेपर्यंत खोदून मुरमाला टेकायचे. ती फार खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने रुळवलेली कंद असलेल्या पाइलची रीत वापरतात. जमिनीत बारीक खोल भोक पाडायचे आणि तळाशी ते दांड्याच्या अडीचपट रुंद करून, सळया घालून काँक्रीट भरायचे. कांद्याची गाठ मातीत रुतून बसावी तसा तो कंद साधारण साडेतीन मीटर खोलीवर, उन्हाळ्या-पावसाळ्याचा फरक जिथे फारसा पोचत नाही अशा मातीला धरून राहतो. वरची माती फुगली तरी घर उचलत नाही. दुसरी एक वाट मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवली. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा सुमारे मीटरभर जाडीचा थर चोपून बसवला, तर खालचा फुगवटा दबून राहतो. कालव्यांच्या अस्तराखाली ही युक्ती लागू पडली. घराच्या बाबतीत गवंडी पिढ्यान् पिढ्या जोत्यात मुरूम भरून, पाणी मारून, धुम्मस करत आलेला आहे, ते याच कुळातले शहाणपण. काळी उपसून तीच काळी पुन्हा जोत्यात भरणारा ठेकेदार दोन ट्रॉली मुरमाचे पैसे वाचवतो आणि घरमालकाला पुढे वीस वर्षे पुट्टीवाल्याच्या दारात उभे करतो.

पाया झाला तरी पाणी आवरावेच लागते. घराभोवती चार फुटांची फरशीची पट्टी, छपराचे पाणी भिंतीपासून दूर नेणारा पाइप, गळका नळ त्या दिवशीच दुरुस्त करणे, आणि निलगिरीसारखी पाणी ओढणारी झाडे भिंतीला लागून न लावणे, ही कामे कोणी पाया म्हणून मोजत नाही. काळीला फुगणे सोसते, आकसणेही सोसते. घराला सोसत नाही ते एका कोपऱ्याचे फुगणे आणि दुसऱ्याचे आकसणे.

सह्याद्री ओलांडला की प्रश्न उलटा होतो. कोकणात जांभा. या दगडाला शास्त्रीय नाव मिळाले ते मलबारात : फ्रान्सिस बुकॅनन याने 1807 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याला विटेवरून लॅटराइट म्हटले, कारण खाणीत तो मऊ असतो, विटेसारखा कापता येतो आणि उघड्यावर राहिला की कठीण होतो. चिरेखाणीतून निघालेला ताजा चिरा ओलसर, हळदी-तांबड्या डागांचा असतो. त्याला हात लावला तर हाताला रंग लागतो. एक पावसाळा खाल्लेला चिरा काळपट आणि खणखणीत होतो. पायाला याच्याइतका बरा सोबती नाही. पण जांभ्याच्या अंगात भोके असतात, आणि पाऊस किती का पडेना, तो भराभर खाली जाऊन समुद्राकडे निघतो. श्रावणात काठोकाठ भरलेली विहीर वैशाखात तळ दाखवते ती यामुळे. किनाऱ्यालगतच्या खारजमिनीत आणि गोव्यातल्या खाजणात तर बांध आणि मानस, म्हणजे बांधातली पाण्याची दारे, यांच्या जोरावर समुद्राला अडवून ठेवलेले असते. तिथे भराव टाकून उभे राहिलेले घर खारट चिखलावर बसलेले असते आणि तो चिखल वर्षानुवर्षे हळूहळू दबत राहतो.

घाटावर माती पाणी सोडत नाही आणि कोकणात ती धरत नाही, हा फरक संडासाच्या टाकीपाशी सर्वांत स्पष्ट होतो. सेप्टिक टँकमध्ये मैला तळाशी बसतो, कुजतो, आणि वरचे गढूळ पाणी बाहेर पडते. टाकीचे काम तिथे अर्धेच होते. उरलेले अर्धे मातीने करायचे असते : ते पाणी शोषखड्ड्यातून आजूबाजूला मुरायचे, आणि मुरताना मातीतल्या जिवाणूंनी ते साफ करायचे. टाकीला टाइल्स लावून आतून चकचकीत करणारे लोक मातीला हे काम जमेल का, हे मात्र विचारत नाहीत. ते विचारायला एक दिवस आणि दोन बादल्या पाणी लागते. शोषखड्ड्याच्या खोलीइतका एक छोटा खड्डा घ्यायचा, तळाशी दोन इंच वाळू टाकायची, त्यावर फूटभर पाणी भरायचे आणि रात्रभर मुरू द्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घालून ते एक इंच उतरायला किती मिनिटे लागतात ते बघायचे. तासाभरातही इंच उतरले नाही तर तिथे शोषखड्डा चालणार नाही.

रात्रभर मुरवण्याची पायरी गाळली की एप्रिलमधली काळी माती खोटी साक्ष देते. खड्ड्यात पाणी ओतताच ते भेगांतून गडप होते, बघणारा खूश होतो, शोषखड्डा बांधला जातो. आषाढात त्याच भेगा मिटलेल्या असतात. मग खड्डा तुंबतो, टाकी तुंबते, आणि संडासातले पाणी खाली जायला तयार नसते. मैला उपसणारी गाडी येऊन जाते. आठ दिवसांनी परत तेच, कारण टाकीत आता जमिनीतलेच पाणी झिरपून येत असते. अशा जागी टाकीच्या पुढे खडीचा गाळणीचा कप्पा घ्यावा लागतो, ज्यात पाणी खालून वर चढते आणि खडीवर वाढलेले जिवाणू त्याला साफ करतात; किंवा पाणी कर्दळ आणि पाणकणसांच्या वाफ्यातून फिरवावे लागते. घरामागे मोरीच्या पाण्यावर केळ, अळू आणि कर्दळ लावायची जुनी चाल होती. तिला तंत्रज्ञान असे कोणी म्हटले नाही, पण सांडपाण्याची सोय आणि फदफद्याची भाजी दोन्ही त्यातून निघत.

जांभ्यात इंच उतरायला वेळच लागत नाही, आणि तिथली भीती निराळी असते. पाणी इतक्या झपाट्याने पुढे जाते की साफ व्हायला त्याला सवड मिळत नाही. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत निदान 18 मीटर अंतर असावे, असे भारतीय मानक सांगते. कोकणातल्या पाच-सहा गुंठ्यांच्या अरुंद परड्यात हे अंतर आपल्या विहिरीपासून जमते. गडग्यापलीकडच्या विहिरीपासून जमतेच असे नाही. उतारावर खड्डा वरच्या अंगाला आणि विहीर खालच्या अंगाला असेल तर अंतराच्या आकड्यावर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. विहिरीच्या पाण्याला वासही नसतो, रंगही नसतो, आणि पहिल्या पावसानंतर घरोघरी पोटे बिघडतात तेव्हा दोष फणसाला दिला जातो.

बागेचा विषय घर झाल्यावर निघतो, तेव्हा घराभोवती माती उरलेली नसते. वरची फूटभर काळी पाया खोदताना खाली गेलेली असते, खालचा मुरूम वर आलेला असतो आणि त्यात विटांचे तुकडे, वाळलेले सिमेंट, टाइल्सच्या कपच्या, रंगाचे डबे. पायाचे काम सुरू होण्याआधी वरची माती एका कोपऱ्यात वेगळी रचून ठेवली, तर हे टळते. जेसीबीच्या तासाच्या हिशेबात ते कोणाला सुचत नाही. मग नर्सरीतून ट्रॉलीभर तांबडी माती येते.

माती ओळखायला हात पुरतो. मूठभर माती पाण्याने भिजवून मळायची. तिची वळी होत नसेल, बोटांतून सुटत असेल तर ती रेताड. वळी होऊन वाकवताना मोडली तर मध्यम. वळीचे कडे झाले, मोडले नाही आणि हात धुवायला साबण लागला तर भारी. चुनखडी पाहायची तर वाळलेल्या ढेकळावर फरशी धुवायच्या ॲसिडचे दोन थेंब जपून टाकायचे. फसफसले की चुना आहे. अशा जागी लिंबाची, मोसंबीची पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. केवडा पडला, असे त्याला म्हणतात. मातीत लोह असते, पण चुन्यामुळे ते झाडाला घेता येत नाही. त्या पिवळेपणावर युरिया टाकणे ही नेहमीची चूक. प्रयोगशाळेला नमुना द्यायचा तर इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडायची, पाच-सात जागांची एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे चालू ठेवायचे. उकिरड्याची, बांधालगतची, झाडाखालची माती घ्यायची नाही. ती जमिनीचे खरे बोलत नाही.

भारी मातीत झाड लावताना आणखी एक फसगत होते. पुस्तकात सांगितले म्हणून तीन फुटी खड्डा घेतात, त्यात शेणखत, वाळू, तांबडी माती अशी भुसभुशीत भर घालतात. भोवतालच्या काळीतून पाणी बाहेर जात नाही, सगळे पाणी भुसभुशीत खड्ड्यात जमते, आणि झाड हंड्यात उभे केल्यासारखे होऊन त्याची मुळे कुजतात. काळीत आंब्याचे रोप उंचवट्यावर लावावे. कोकणात त्याच आंब्यासाठी कातळाला सुरुंग लावून खड्डा पाडतात आणि बाहेरून माती आणून भरतात. सांगोल्याच्या माळावर डाळिंब हलक्या मुरमाड जमिनीत खूश असते, सीताफळाला बरड पुरते. पूर्व विदर्भातला धानाचा शेतकरी कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी अशी जमिनीची नावे घेतो, आणि कोणत्या नावाच्या जमिनीत काय टिकेल याचा अंदाज बांधतो. हौशी बागवानाकडे या साऱ्या जमिनींसाठी एकच शब्द असतो, माती.

ज्यांना पाणी जास्त देण्याची सवय असते त्यांच्याकडून जमीन बिघडते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या रानांत आले, ऊस उभा राहिला आणि काही वर्षांतच सखल रानांवर पांढरे क्षार फुटू लागले. आज सांगली-कोल्हापुरातही क्षारपड आणि चिबड रानांचे पट्टे आहेत. वरून दिलेले पाणी खाली निघून जायला वाट नसली की खालचे क्षार पाण्याबरोबर वर येतात. घरच्या बागेतल्या एका वाफ्यात हेच लहान प्रमाणात होते. रोज संध्याकाळी पाइप सोडून ठेवणाऱ्या घरात वाफ्याच्या कडेला जी पांढरी मिठासारखी रेघ दिसते, ती खताची नसते.

पाणी किती आणि काम केव्हा, यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : वाफसा. पावसानंतर रान चिखल असते तेव्हा त्यात पाय घालायचा नाही, तुडवले की ते विटेसारखे बसते. पार सुकले की ढेकळे फुटत नाहीत. मधले काही दिवस असे असतात की मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि तोच गोळा कंबरेइतक्या उंचीवरून सोडला तर फुटून विखुरतो. हलक्या जमिनीला वाफसा दुसऱ्या दिवशी येतो, भारीला आठवडा लागतो. तोवर औत बांधावर उभे असते.

उन्हाळ्यात, औताला काम नसते तेव्हा, पूर्वी गाड्या गावाकडे वळत. पडलेल्या वाड्यांच्या, ओस पडलेल्या जुन्या गावठाणाच्या टेकाडावरची पांढरी माती खणून शेतात टाकायची चाल महाराष्ट्रात बरीच होती. राख, शेण आणि हाडे यांनी ती शेकडो वर्षे मुरलेली असते. काळ्या रानाला तिचे चांगले खत होते. पुरातत्त्वज्ञांना या गाड्यांचा मनस्ताप, कारण प्राचीन गावांची टेकाडे अशीच निम्मी-अर्धी शेतांत पसरली गेली. काळ्या रानात नांगर फिरला की सरीत कधी तांबड्या खापराचा तुकडा वर येतो. त्यावर काळ्या रंगाच्या तिरक्या रेघा असतात. खुरपणारी बाई तो उचलते, पदराला पुसते, आणि बांधावरच्या दगडावर ठेवून देते.